हौशी कोणाला म्हणावे? हुतूतूच्या संघटनांविषयी

काही वर्षांपूर्वी तौलनिक नाट्याभ्यासाच्या निमित्ताने आमच्या वाचनात 'द क्लब' हे नाटक आले. डेव्हिड विल्यमसन या ऑस्ट्रेलियन नाटककाराने ते १९७७ मध्ये लिहिले. नाटक फुटबॉलविषयी आहे, पण रंगमंचावर मैदान कधीच दिसत नाही. सगळे घडते ते क्लबच्या बैठकीच्या खोलीत. भिंतीवर जुन्या खेळाडूंच्या तसबिरी आहेत आणि त्यांच्याखाली बसून अध्यक्ष, व्यवस्थापक, प्रशिक्षक आणि खेळाडू एकमेकांशी भांडत आहेत. भांडण एकाच प्रश्नाभोवती फिरते : क्लब कोणाचा? ज्यांनी त्याच्यावर निष्ठा ठेवली त्यांचा, की जे त्यासाठी पैसा आणतात त्यांचा? नाटक वाचून संपवले त्याच संध्याकाळी भाईंदरला स्थानकाकडे येताना रस्त्यावर आडवा लावलेला एक कापडी फलक आम्हाला दिसला. प्रकाशझोतातील भव्य कबड्डी स्पर्धा, कुणा कैलासवासी कार्यकर्त्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ. नाटकातल्या त्या तसबिरी आणि हा फलक यांची आमच्या मनात जी सांगड बसली ती काही केल्या सुटेना. प्रस्तुत लेख त्या सांगडीतून आला आहे.

मराठीच्या अध्यापकांनी कबड्डीवर का लिहावे, असा प्रश्न कुणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. गिरणगावाविषयी आम्ही वर्गात पुष्कळ शिकवतो. नारायण सुर्वे शिकवतो, जयंत पवारांचे 'अधांतर' शिकवतो. पण त्या वस्तीने रोज संध्याकाळी जे केले, ज्यासाठी ती भांडली, वर्गणी काढली, नवस बोलली, त्या खेळाची नोंद आमच्या वाङ्मयेतिहासात आणि सामाजिक इतिहासातही जेमतेम ओळी-दोन ओळींची आहे. ऑस्ट्रेलियात अशा स्थानिक संघांच्या लीगवर ग्रंथ निघतात, नाटके होतात. आपल्याकडे उरतात त्या मंडळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, आणि त्यांतही अर्धी पाने जाहिरातींची.

या स्मरणिकांचा एक ठरीव आरंभ असतो. कबड्डीचे मूळ महाभारतात आहे. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला ती पहिली चढाई. कल्पना सुंदर आहे आणि तिच्यातला कारुण्याचा धागाही खरा आहे, कारण चढाई करणारा परत येईलच असे नाही. तथापि इतिहास म्हणून तिचा उपयोग नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉललाही असाच मूळकथेचा वाद चिकटला आहे. त्या खेळाचा एक जनक टॉम विल्स लहानपणी पश्चिम व्हिक्टोरियात जाब वुरुंग या आदिवासी समाजाच्या मुलांत वाढला. तेव्हा त्यांच्या 'मार्नग्रूक' या चेंडूच्या खेळातूनच नवा खेळ आला असावा, असे काही अभ्यासक म्हणतात, आणि थेट लेखी पुरावा कुठे आहे, असे इतर विचारतात. दोन्ही ठिकाणी मूळकथेमागची भूक एकच असावी, असे आम्हाला वाटते. खेळ आपलाच आहे, परक्याने दिलेला नाही, हे सांगण्याची ती भूक आहे. फरक इतकाच की तिकडे हा वाद तेथील मूळ रहिवाशांच्या हक्कापर्यंत जाऊन भिडतो. आपल्याकडे अभिमन्यू स्मरणिकेच्या पहिल्या पानावर येतो आणि दुसऱ्या पानावर कोणाच्याच आठवणीत राहत नाही.

संघटनेचा इतिहास मूळकथेपासून सुरू होत नाही, तो नियमांच्या पुस्तकापासून सुरू होतो. ऑस्ट्रेलियात ही तारीख अगदी नेमकी सांगता येते. टॉम विल्स हा मूळचा क्रिकेटपटू. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे आखडू नयेत म्हणून फुटबॉल क्लब काढावा, असे पत्र त्याने जुलै १८५८ मध्ये मेलबर्नच्या एका नियतकालिकात छापले, आणि १७ मे १८५९ रोजी मेलबर्न फुटबॉल क्लबच्या चार-पाच सभासदांनी एका हॉटेलात बसून नियम लिहून काढले. म्हणून तो खेळ क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानाएवढा पसरला. एका बाजूला अठरा खेळाडू, आणि मैदानाची लांबी दीडशे मीटरच्या आगेमागे.

हुतूतूची गोष्ट याच्या उलट आहे. तो आधी सगळीकडे होता आणि म्हणूनच कुठेच एकसारखा नव्हता. बंगालात हाडुडू, तमिळ प्रदेशात चेडुगुडु, आपल्याकडे हुतूतू. प्रकारही निरनिराळे. 'संजीवनी'त बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा जिवंत होई. 'गामिनी'त बाद झालेला डाव संपेपर्यंत बाहेरच. 'अमर' प्रकारात कुणी मरतच नसे, फक्त गुण मोजले जात. साहित्याच्या परिभाषेत बोलायचे तर हे एकाच मौखिक संहितेचे पाठभेद होते, आणि प्रत्येक आळीला आपला पाठ अस्सल वाटत असे. १९१८ च्या सुमारास महाराष्ट्रात या पाठांची चिकित्सा सुरू झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत निश्चित चौकटीत सामने होऊ लागले, १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम करून अखिल भारतीय स्पर्धा भरवल्या, आणि १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना अधिक पक्के रूप दिले. या सर्व खटाटोपात टिकला तो 'संजीवनी'चा पाठ. मेलेला गडी परत उठतो ही तरतूद टिकावी, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटत आले आहे. तिच्यामुळे खेळातला शेवटचा गडीही आशेवर खेळतो.

या काळातील नियमकर्ते बहुतेक पुणे, सातारा, बडोदा, अमरावती अशा शहरांतले सुशिक्षित, आखाडा आणि राष्ट्रवाद यांच्या संगमावर उभे असलेले लोक होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक देशी खेळांची प्रात्यक्षिके करायला गेले होते आणि त्यांत हुतूतू होता. या माणसांच्या लेखी खेळ हे राष्ट्रबांधणीचे साधन होते. त्यांनी नियम लिहिले. पण तो खेळ ज्यांनी अंगावर घेतला ते वेगळे होते.

येथे मुंबईच्या भूगोलाकडे वळावे लागते. कबड्डीचे पुरुषांचे क्रीडांगण तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. म्हणजे एकशेतीस चौरस मीटर. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या एका मैदानात अशी शंभराहून अधिक क्रीडांगणे मावतील. परळ, लालबाग, प्रभादेवी, वरळी, डिलाइल रोड येथील चाळींच्या मध्ये जे पटांगण सुटलेले असे ते साधारण एवढेच. चेंडू नको, बूट नकोत, जाळी नको. माती चाळून घ्यायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, चुन्याने रेषा आखायच्या. पाळी सुटली की कामगार येई आणि चाळीच्या चारही मजल्यांच्या कठड्यांवर प्रेक्षागार तयार असे. गिरणगावात हा खेळ इतका का रुजला याची कारणे सांगताना मर्दानी परंपरा, कोकणी काटकपणा वगैरे शब्द वापरले जातात. आमचे मत असे की पहिले कारण जागा हे आहे. परंपरा नंतर येते.

मंडळांची नावे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावा. अमर हिंद मंडळ, विजय क्लब, शिवशक्ती, स्वस्तिक, अंकुर, गोल्फादेवी. स्वातंत्र्याचा उत्साह, शिवकालाची आठवण, कोळीवाड्याची ग्रामदेवता, सगळे एका स्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेत शेजारी शेजारी बसते. ऑस्ट्रेलियात गावोगावच्या क्लबांनी मेलबर्नच्या मोठ्या क्लबांची वाघ, मॅगपाय अशी टोपणनावे उचलली. आपल्या मंडळांनी कुणाचे उचलले नाही, देवाचे उचलले. आणि हे मंडळ केवळ खेळाचे नसे. गणपती तेच बसवणार, दहीहंडी तेच फोडणार, वह्यावाटप तेच करणार, कुणाचे प्रेत गावी न्यायचे झाले तर गाडीची वर्गणीही तेच काढणार. खेळाडू हा या सगळ्या उलाढालीचा एक भाग होता.

संघटना वरच्या पातळीवर उभी राहिली ती स्वातंत्र्यानंतर. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ निघाला आणि 'हुतूतू' हा आपला शब्द मागे पडून 'कबड्डी' हा देशभर चालणारा शब्द आला. १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५५ मध्ये कलकत्त्याला स्त्रियांची. सत्तरच्या दशकाच्या आरंभी महासंघाची पुनर्रचना झाली तेव्हा त्याच्या नावातच 'ॲमेच्युअर' हा शब्द आला. महाराष्ट्रात या उभारणीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते शंकरराव उर्फ बुवा साळवी. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९७२ चा अर्जुन पुरस्कार सदानंद शेट्ये यांना मिळाला, १९७८ चा शकुंतला खटावकर यांना. शासनाने हा खेळ गंभीरपणे घेतल्याची ही चिन्हे होती.

'ॲमेच्युअर'चे मराठी भाषांतर आपण 'हौशी' असे केले. शब्द आला अरबी-फारसीच्या 'हवस'वरून, अर्थ आला इंग्लंडहून, आणि लावला गेला तो परळच्या कामगाराला. भाषांतराच्या इतिहासातली ही एक मौजेची, खरे तर बोचरी घटना आहे. इंग्लंडात ॲमेच्युअर म्हणजे ज्याला खेळाच्या पैशांची गरज नाही असा सद्गृहस्थ. पैसे घेणारा तो कनिष्ठ. ऑस्ट्रेलियात हीच भिंत आधी सद्गृहस्थांनी बांधली आणि मग सर्वांनी मिळून तिला भोके पाडली. व्हिक्टोरिया प्रांताची फुटबॉल संघटना १८७७ मध्ये निघाली. दाराशी जमणाऱ्या पैशांच्या वाटणीवरून आठ मोठे क्लब फुटले आणि १८९७ पासून त्यांची वेगळी लीग खेळू लागली. या लीगने १९११ मध्ये खेळाडूंना पैसे देणे उघड मान्य केले आणि १९३० मध्ये त्यावर कुल्टर यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम करून मर्यादा घातली : एका सामन्याला तीन पौंड. दरम्यान निव्वळ हौशी म्हणवणाऱ्यांची संघटना १८९२ पासून वेगळी चालत होती. तीच पुढे व्हिक्टोरियाची हौशी फुटबॉल संघटना झाली. गावाकडच्या लीगही त्याच दशकातल्या. ओव्हन्स अँड मरे ही १८९३ ची. तेथे पैसा नाही असे म्हणत. पण चांगल्या खेळाडूला गावात नोकरी, राहायला घर, कधी मेंढ्यांची राखण, असे काही ना काही मिळे.

हे वाचताना आम्हाला हसू आले, कारण आपल्याकडेही नेमके हेच होते. फक्त कोणी त्याला नियम म्हणत नसे. मुंबईचा हौशी कबड्डीपटू पैशासाठी खेळत नव्हता, तो नोकरीसाठी खेळत होता. गिरणीचा संघ, मग रेल्वेचा, बंदराचा, बँकेचा, एअर इंडियाचा, भारत पेट्रोलियमचा, महिंद्राचा. चांगली चढाई म्हणजे कायम नोकरी. कायम नोकरी म्हणजे बहिणीचे लग्न आणि गावच्या घरावर कौले. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण २००५ मध्ये आले, पण त्याच्या कितीतरी आधी ही वाट मळलेली होती. तेव्हा 'हौशी' हा शब्द कामगाराच्या अंगावर सद्गृहस्थाच्या कोटासारखा होता. मापाचा नव्हता, तरी त्याने तो मिरवला, कारण त्या कोटाच्या खिशात नोकरीचे पत्र होते.

वृत्तपत्रांनी या खेळाची एक भाषा घडवली, तिच्याविषयी दोन शब्द लिहिण्याचा मोह आवरत नाही. आतल्या पानावर एका स्तंभात येणारी ती बातमी वाचकांनी पाहिली असेलच. अमुक मंडळाने तमुक मंडळाचा प्रतिकार मोडून काढला. मध्यंतराला पिछाडीवर असूनही उत्तरार्धात चौफेर चढायांच्या जोरावर बाजी मारली. पराभूत संघाकडून अमक्याची झुंज एकाकी ठरली. वर्षानुवर्षे हीच वाक्ये, केवळ नावे आणि गुण बदलायचे. आम्ही विद्यार्थ्यांना साचेबद्ध भाषेचा नमुना म्हणून ही बातमी देत असू. आता जरा वेगळे वाटते. पोवाड्यातही विशेषणे ठरलेलीच असतात. ज्या माणसाचे नाव गिरणीच्या हजेरीपटाखेरीज कुठे छापले जात नव्हते, त्याची झुंज एकाकी ठरली असे छापून येणे ही लहान गोष्ट नव्हे. ते कात्रण पाकिटात वर्षानुवर्षे जपून ठेवलेली माणसे आम्हाला माहीत आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांच्या दृष्टीने ते परत आत गेलेच नाहीत. योगायोग असा की त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले आणि १९९० मध्ये बीजिंगला तिला पदकाचा दर्जा मिळाला. खेळ आशियाच्या पातळीवर चढत होता त्याच वर्षांत त्याची मुंबईतली माती खचत होती. कामगारांनी खोल्या विकल्या किंवा भावाच्या नावे केल्या आणि ते डोंबिवली, कल्याण, विरार, भाईंदर असे रुळांच्या कडेने पसरले. श्रमिक जिमखान्यावर सामने होत राहिले. पण सामना पाहायला आता गाडी पकडून यावे लागे.

आमचे शहर या पसरण्यातून मोठे झाले. मीरा-भाईंदरला नगरपालिका १९८५ मध्ये मिळाली, महानगरपालिका २००२ मध्ये. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,२०,३८८ होती, २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८. त्याआधी येथे मिठागरे होती, भातशेती होती आणि नवघर, काशी, मीरे, घोडबंदर, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन अशी आगरी-कोळ्यांची आणि ख्रिस्ती वाड्यांची गावे होती. हुतूतू येथे गिरणगावाने आणला नाही, तो होताच. भात झोडून झाले की खळ्याची चोपलेली जमीन तयारच असे आणि पौष-माघात जत्रांच्या आगेमागे गावागावांचे सामने लागत. मिठागरात दिवसभर उन्हात वाकलेल्या माणसाच्या पायांत आणि कमरेत जे बळ असते त्याला व्यायामशाळेची गरज नव्हती.

ऑस्ट्रेलियाशी तुलना आम्हाला येथे सर्वांत उपयोगी वाटते, आणि ती साम्याची नाही. तिकडे गव्हाच्या पट्ट्यात शेती यंत्रांवर गेली, माणसे शहरांकडे निघून गेली आणि गावांचे संघ ओस पडू लागले. अठरा खेळाडू जमेनात म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैरी गावांनी आपले क्लब एकत्र केले. म्हणून तिकडच्या क्लबांची नावे आज जोडगावांची आढळतात. मैदान आहे, हिरवळ आहे, माणूस नाही. मीरा-भाईंदरमध्ये याच्या बरोबर उलट. माणसे लाखांनी आली आणि मैदान गेले. खळ्यांवर इमारती उभ्या राहिल्या. एकशेतीस चौरस मीटर म्हणजे आजच्या हिशेबात दोन-तीन सदनिकांचे क्षेत्रफळ. तेवढी मोकळी माती कोण राखणार? गृहसंकुलांच्या आवारात रंगीत फरशा आल्या आणि तिथे 'खेळण्यास मनाई' अशी पाटी. म्हणजे जो खेळ कमीत कमी जागेमुळे शहरात तगला, त्याला शेवटी तेवढीही जागा उरली नाही.

आणखी एक गुंता आहे, हद्दीचा. ऑस्ट्रेलियन इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये एक काल्पनिक रेषा कल्पिली. रॉन बरासी या खेळाडूच्या नावाने ती ओळखली जाते. रेषेच्या एका बाजूला त्यांचा फुटबॉल, दुसऱ्या बाजूला रग्बी. नकाशावर ती कुठेच छापलेली नाही आणि तरी सर्वांना ठाऊक आहे. आमच्या शहरातून अशा रेषा किती जातात ते पाहावे. महसुली जिल्हा ठाणे. दूरध्वनीचा क्रमांक मुंबईचा. विद्यापीठ मुंबईचे. पोलीस आयुक्तालय २०२० पासून वसई-विरारशी जोडलेले, म्हणजे निम्मे पालघर जिल्ह्यात. आणि कबड्डीत खेळाडूची नोंद मंडळामार्फत जिल्हा संघटनेकडे; जिल्हे राज्य अजिंक्यपदासाठी एकमेकांविरुद्ध उभे. दहिसरचा नाका ओलांडला की मुंबई उपनगर संपते, ठाणे सुरू होते. त्यामुळे लालबागेतून भाईंदरला आलेल्या घरातला मुलगा महाविद्यालयाकडून खेळताना मुंबईकर, येथल्या मंडळाकडून खेळला तर ठाणेकर, आणि आजोबांच्या मंडळाचा सदरा सोडवत नसेल तर संध्याकाळची गाडी पकडून मुंबई शहरात जाणारा. व्हिक्टोरियाच्या मोठ्या लीगने १९६०च्या दशकाच्या अखेरीस ग्रामीण भाग क्लबांना वाटून दिले होते. कोणत्या गावचा मुलगा कोणत्या क्लबाचा ते त्याच्या पत्त्यावरून ठरे. आपल्याकडे पत्ता बदलला तरी मंडळ बदलत नाही. मंडळ हे एक प्रकारचे कुलदैवत आहे. माणूस गाव सोडतो, दैवत तिथेच राहते आणि वर्षातून काही वेळा त्याला बोलावते.

स्त्रियांच्या खेळाचा विचार येथे थोडक्यातच करतो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शिवशक्तीसारख्या संघांनी मुंबईत जे उभे केले त्याची तुलना कोणत्याही पुरुष मंडळाशी करावी. अभिलाषा म्हात्रे यांना २०१५ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. पण स्त्रियांच्या बाबतीत हौस आणि नोकरी यांच्यामध्ये लग्न नावाची आणखी एक रेषा असते, आणि उपनगरात सरावाची जागा दूर गेली की पहिला परिणाम मुलींवर होतो. रात्री नऊला परतणाऱ्या मुलाला घरी कोणी विचारत नाही.

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमार यांच्यावर लागली, १२ लाख ८० हजारांची. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावत यांच्यासाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले गेले. माती गेली, मॅट आली; दिवे आले, संगीत आले, तीस सेकंदांचे घड्याळ घरोघरी पोहोचले. विल्यमसनच्या नाटकातले भांडण आपल्याकडे सदतीस वर्षांनी आले म्हणायचे. त्यावर नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. ज्या खेळाने माणसाला पन्नास वर्षे फक्त कारकुनाची नोकरी दिली, त्याने त्याला एकदा मोटार दिली तर शुद्धतेच्या नावाने अश्रू का ढाळावेत? पण मौज अशी की त्या सगळ्या झगमगाटाच्या वर देशातील खेळाचा कारभार पाहणाऱ्या संघटनेच्या नावात 'ॲमेच्युअर' तसाच राहिला, आणि २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला त्या संघटनेच्या कारभारावर प्रशासक नेमावा लागला. स्त्रियांच्या वाट्याला २०१६ मध्ये तीन संघांची एक प्रायोगिक स्पर्धा आली, एवढेच. ऑस्ट्रेलियात स्त्रियांची राष्ट्रीय फुटबॉल लीग २०१७ मध्ये सुरू झाली आणि चालू आहे.

आता जे सांगायचे ते आमच्याविषयी आहे, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख अप्रामाणिक ठरेल. प्रो कबड्डी नवीन असतानाची गोष्ट. द्वितीय वर्षाच्या मराठीच्या वर्गात एक मुलगा होता. आजोबा गिरणीत, वडील एका कुरिअर कंपनीत, घर भाईंदर पूर्वेला. अंगाने बारीक, डाव्या कोपऱ्यातला उत्तम पकडपटू. जिल्हा अजिंक्यपद निवड चाचणी आणि आमची अंतर्गत परीक्षा एकाच दिवशी आली. त्याने मंडळाचे पत्र आणले. गोल शिक्का, खाली सरचिटणीसांची सही, भाषा अगदी विनयाची. आंतरमहाविद्यालयीन सामना असता तर क्रीडा विभागाच्या शिफारशीने सवलत मिळाली असती. मंडळाचे पत्र मात्र नियमात बसत नाही, असे आम्ही त्याला सांगितले. नियमात बसत नव्हते हे खरे. ते बसवण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही हेही खरे. त्याने परीक्षा दिली. प्रश्न 'अधांतर'वर होता, त्याने बरा सोडवला. पुढच्या मोसमापर्यंत कुमार गटाची वयोमर्यादा उलटून गेली होती.

गेल्या हिवाळ्यात भाईंदरच्या एका स्पर्धेला आम्ही गेलो तेव्हा तो गुणलेखकाच्या टेबलाशी बसला होता. आता तो एका खाजगी बँकेच्या वसुली विभागात आहे आणि पंच परीक्षेची तयारी करतो आहे. दुपारपासून माती चाळायला आलो, म्हणाला. ही माती बाहेरून आणावी लागते. आम्हाला पाहून उठला, खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. जुन्या गोष्टीचा उल्लेख त्याने केला नाही, आम्हीही केला नाही. मग टेबलाखालून त्याने एक गठ्ठा काढला. प्रमाणपत्रे छापून आली होती, पाहुण्यांच्या सह्याही होऊन गेल्या होत्या, आणि आता त्याच्या लक्षात आले होते की छापखान्याने 'कबड्डी'ऐवजी 'कब्बडी' छापले आहे.

"सर, हे पेनाने दुरुस्त करता येईल का? की आणखी घाण दिसेल?"

दोनशे प्रमाणपत्रे होती. काळ्या शाईची दोन पेने मिळाली, तिसरे त्याने पंचांकडून आणले. आम्ही तिथेच दिव्याखाली बसलो आणि दुसरा उपांत्य सामना संपेपर्यंत 'ब'खालचा 'ब' काढून 'ड'खाली 'ड' लावत राहिलो.